हवा कोण भरणार

“त्यांना म्हणावं, स्टुलावर बसा,” सायकलच्या दुकानाचे मालक बोरस्ते सुमेधाला म्हणाले.

“तुम्हीच म्हणा की. त्यांना ऐकू येतं,” सुमेधा म्हणाली.

वर पंखा कुरकुरत होता. रबराचा, ग्रीसचा आणि पुठ्ठ्याच्या नव्या खोक्यांचा वास येत होता. बोरस्त्यांनी घसा खाकरला आणि अगदी माझ्या कानाशी येऊन ते ओरडले, “बसा साहेब! स्टूल आहे मागं!”

“बसतो!” मीही तेवढ्याच जोरात ओरडलो.

सुमेधाला हसू आवरेना. मला मात्र त्या दिवशी हसण्याचं अवसान आणावं लागत होतं.

मला दिसत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. शाळेत होतो तेव्हा काचबिंदूनं एकेक करत दोन्ही डोळे नेले. त्याचं रडगाणं मी गात नाही, तेव्हाही गात नव्हतो. नाशिकला एका सहकारी बँकेत तक्रारींच्या फोनवर बसायचो. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि वर गोड बोलायचं, याचा मला पगार मिळायचा. त्या नोकरीनं कान मात्र असे तयार केले, की समोरच्यानं चार शब्द उच्चारले की हा खरं बोलतोय की थापा मारतोय ते मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं.

आणि रविवारी मी सायकल चालवायचो. आंधळा माणूस सायकल कशी चालवतो, असं विचारू नका, सगळेच विचारतात. दोघांची सायकल असते. लांबलचक, दोन सीटं, पायडलच्या दोन जोड्या. पुढं डोळस माणूस बसतो, मागं आमच्यासारखा. आमच्या शहरात अशा जोड्या जुळवणारा एक क्लब होता. तिथं माझी गाठ सुमेधा गायधनीशी पडली. ती जनावरांची डॉक्टर. दिवसभर गाई-म्हशींना सुया टोचायची आणि रविवारी मला गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणायची. “दोन्ही कामात फरक एवढाच,” ती म्हणायची, “म्हशी बडबड करत नाहीत.”

दोन वर्षं आम्ही त्या सायकलवर होतो आणि त्यातलं निदान दीड वर्ष मी तिच्या प्रेमात होतो. हे तिला सोडून बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईला तर माझ्याआधी कळलं.

अडचण अशी, की त्या सायकलवर सगळं तीच करायची. रस्ता ती बघायची, ब्रेक ती दाबायची, गिअर ती बदलायची, खड्डा आला की “उठ!” म्हणून ती ओरडायची. मी काय करायचो, तर पायडल मारायचो. पायडल काय, कोणीही मारतं. मला रात्री झोपताना दिसायचं, हो, मलाही दिसतं डोळ्यांपुढं, की लग्नानंतरही हेच. ती पुढं, मी मागं, आणि आयुष्यभर तिनं “उठ”, “बस”, “आता वळतोय” म्हणत राहायचं. असं ओझं कोणत्या तोंडानं कुणाच्या गळ्यात घालायचं? म्हणून मी मनाशी एक ठरवलं होतं. त्या सायकलचं एक तरी काम संपूर्ण माझं असलं पाहिजे. ते जमलं, की मी तिला विचारणार. नाही जमलं, तर गप्प बसणार.

ते काम म्हणजे हवा भरणं.

सायकल आमच्या घरी असायची, कारण आमच्या घराला पडवी होती आणि सुमेधा राहायची वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दर रविवारी उजाडायच्या आत ती आमच्या दारात हजर. पंप काढायची, टायर बघायची आणि म्हणायची, “बसली बघ हवा परत.” मग फूस फूस करत भरायची. आई चहा टाकायची. मी म्हणायचो, मी भरतो. ती म्हणायची, “तू चहा घे, गार होईल.” काटा तिला दिसतो, मला दिसत नाही, त्यामुळं मी निमूट कप उचलायचो. मग आम्ही तिघं पडवीत बसायचो. बाकीच्या जोड्या थेट कॉलेज रोडच्या नाक्यावर भेटायच्या. तो नाका आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, तिथवर सायकल मीही ढकलत नेली असती.

त्या आठवड्यात तो जुना पंप गेला. आतलं वॉशर फाटलं आणि मूठ खाली-वर केली तरी नुसता सुस्कारा. मी म्हटलं, आली संधी. नवा पंप मी निवडणार, मला वापरता येईल असा. पण नेमकं त्याच आठवड्यात सुमेधाच्या घरी पुण्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिच्यासारखाच जनावरांचा डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, डोळे अर्थातच धडधाकट. त्याच शनिवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. हे तिनं मला रिक्षात सांगितलं, पेट्रोलचा भाव सांगावा तसं. म्हणून ते उसनं अवसान. पंप संध्याकाळच्या आत मिळायला हवा होता.

“कोणती सायकल?” बोरस्त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

“दोघांची,” मी म्हटलं. “टायर ट्यूबलेस. त्र्यंबकच्या रस्त्याला बाभळीचे काटे फार. ट्यूब होती तेव्हा दर रविवारी पंक्चर. आता आत ते पांढरं औषध असतं, काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं.”

“बरोबर, बरोबर,” बोरस्ते म्हणाले. आवाज आता माझ्याकडं वळला होता. “मग साहेब, साधा पंप नाही चालायचा. म्हणजे रोजच्या हवेला चालेल. पण टायर काढून पुन्हा बसवलात तर त्याची कड रिंगमध्ये नीट बसायला एकदम जोराचा झोत लागतो. थोडी थोडी हवा दिली तर कडेनं सगळी निघून जाते.”

त्यांनी एक पंप माझ्या हातात दिला. मी तो वरपासून खालपर्यंत चाचपला. मूठ प्लॅस्टिकची, बूड अरुंद. पाय ठेवून दाबला तर डुगडुगला.

“हा नको,” मी म्हटलं.

“हा नकोच,” सुमेधा म्हणाली. एकमत झालं म्हणून मला बरं वाटलं.

दुसरा चांगला होता. बूड रुंद, मूठ लाकडी, नळी सायकलच्या पलीकडच्या चाकापर्यंत जाईल इतकी लांब. तोंडही असं, की बारीक व्हॉल्व्ह असो की मोटारसायकलसारखा जाड, दोन्हींवर बसेल. मी खूश झालो. पण काट्याच्या जागी बोटांना सपाट, गुळगुळीत चौकोन लागला.

“आकडे उमटतात त्यावर,” बोरस्ते म्हणाले. “बटण दाबलं की लाल दिवा.”

“बोलतं का ते?”

“नाही हो साहेब. पंप कशाला बोलेल?”

“मग मला काय उपयोग?”

“उपयोग मला आहे ना,” सुमेधा म्हणाली. “मला दिसतात आकडे. हाच घेऊ.”

मी स्टुलावर बसलो होतो तो उठलो. “अजून दाखवा,” मी म्हटलं.

बोरस्ते माळ्यावर चढले. तेवढ्यात सुमेधा हळूच म्हणाली, “घाई काय आहे? पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ.”

पुढच्या शनिवारी! तोवर पुण्याचा डॉक्टर साखरपुड्याची अंगठी घेऊन हजर झाला असता. “आजच घ्यायचा,” मी म्हटलं.

बोरस्त्यांनी तिसरा पंप खाली आणला तो धाप टाकतच. जमिनीवर ठेवला तेव्हा चांगला ठणठणीत आवाज झाला. पंपाच्या नळकांड्याला चिकटून आणखी एक जाड नळकांडं होतं. ती हवेची टाकी. आधी तिच्यात हवा दाबून भरायची आणि मग एक खटका फिरवला की सगळी हवा एका दमात टायरमध्ये. बोरस्त्यांना आता उत्साह चढला होता. त्यांनी एक सुटा टायर रिंगवर नुसता घालून माझ्यापुढं धरला. “करा साहेब तुम्हीच!”

मी टाकी भरली. शेवटी शेवटी मूठ खाली जाईना, तेव्हा अंगाचा भार टाकला. खटका फिरवला. काय आवाज तो! बंबातून वाफ सुटावी तसा झोत आणि पाठोपाठ टायरची कड रिंगमध्ये बसल्याचे फटाके, टाक, टाक, टाक! माझ्या बोटांखाली तो टायर जिवंत झाल्यासारखा फुगला. मी लहान पोरासारखा हसलो, खोटं कशाला सांगू.

“बसला!” बोरस्ते ओरडले.

“पण काटा?” मी विचारलं. काटा होता, पण काचेच्या आत. गोल, मोठा, वर काच.

बोरस्ते म्हणाले, “एक मिनिट.” कडेच्या कड्याला त्यांनी पेचकस लावला आणि कटकन काच निघाली. “आमच्या मामांचं घड्याळ होतं असं. झाकण उघडायचं आणि बोटानं काटे बघायचे. लावा बोट. हळूच हं, नाजूक असतो.”

मी नखानं काटा शोधला. होता. बारीक पात्यासारखा, थरथरणारा. बोरस्त्यांनी शून्य कुठं, अर्धं कुठं ते माझं बोट धरून दाखवलं. मग त्यांनी हवा सोडली, मी काटा सांगितला. त्यांनी भरली, मी सांगितला. पुन्हा सोडली, पुन्हा सांगितला.

“अचूक!” बोरस्ते म्हणाले. “तुमच्या टायरला जिथं काटा यायला हवा, तिथं मी गोंदाचं एक टिंब लावून देतो. काटा टिंबाला भिडला की थांबायचं. संपलं!”

संपलं कसलं, माझ्यासाठी तिथून सुरू होणार होतं. मी तिच्या दिशेला वळलो. “घेऊया ना?”

“हा नको,” सुमेधा म्हणाली.

“का?”

“जड आहे.”

“पडवीत ठेवायचाय. डोक्यावर घेऊन नाचायचंय का?”

“धूळ जाईल काच नसली तर. काटा वाकेल.”

“झाकण करून देतो ताई,” बोरस्ते म्हणाले. “डबीचं.”

“आणि… रंग बरा नाही.”

“रंग!” मी म्हटलं.

तिचा आवाज वर चढला होता. तो आवाज मी ओळखत होतो. वाचणार नाही अशा जनावराच्या मालकाला “बघू, होईल बरी” म्हणताना तिचा आवाज असाच वर चढायचा. मी तिच्याबरोबर गोठ्यात गेलो होतो, ऐकलं होतं मी. म्हणजे ती थापा मारत होती. जड नाही, धूळ नाही, रंग तर नाहीच. मग खरं काय? खरं एकच असणार. मी हवा भरावी हेच तिला नको होतं. सायकलचं चाक आंधळ्याच्या हातात द्यायला तिचा जीव धजत नव्हता. आणि माझ्या हाती चाक द्यायला जी तयार नाही, ती…

पुढचं वाक्य मी मनातही पुरं केलं नाही. संताप आला, आणि संतापापेक्षा रडू जास्त.

“सरळ सांग ना,” मी म्हटलं, “भरवसा नाही म्हणून. दोन वर्षं मी तुझ्यामागं डोळे मिटून बसतो. उतारावर तू ब्रेक दाबशील की नाही, मी कधी विचारलं? आणि तुला माझ्या हातची फुंकरभर हवा चालत नाही.”

“तसं नाही रे.”

“मग कसं?”

“मी… चहा सांगून येतो,” बोरस्ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. शहाणा माणूस.

दुकानात आम्ही दोघंच. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत असावी, तसा कापडाचा आवाज येत होता.

“तूच हवा भरायला लागलास,” शेवटी ती म्हणाली, “तर मी कशाला येऊ?”

“म्हणजे?”

“म्हणजे रविवारी. पहाटे. तुमच्या घरी.” आता आवाज खाली आला होता, अगदी तळाशी. “हवा तू भरशील, तर मी थेट नाक्यावर यायला हवं, बाकीचे येतात तशी. उजाडायच्या आत तुझ्या पडवीत बसून काकूंच्या हातचा चहा प्यायला मला दुसरं काय कारण आहे?”

मी पंपाची मूठ घट्ट धरली.

“आणि तुला सांगते,” ती म्हणाली, “त्या टायरची हवा आठवड्यात एवढी जातच नाही. ते औषध घातल्यापासून तर नाहीच. दोन-दोन आठवडे टिकते.”

“पण दर रविवारी तू म्हणायचीस, बसली हवा…”

“मीच सोडायचे. आल्या आल्या, तू आत आवरत असायचास तेव्हा. आणि मग भरत बसायचे. सावकाश.”

तुम्हाला काय सांगू, मला काय वाटलं ते. लोकांच्या आवाजातला खोटेपणा ओळखण्याची मी एवढी फुशारकी मारायचो आणि माझ्याच पडवीत ही बाई कित्येक रविवार टायरची हवा सोडून पुन्हा भरत होती, मी चहाचे घोट घेत होतो आणि मला पत्ता नव्हता. आणि तो सगळा वेळ मी त्या पडवीत बसून माझी कीव करत होतो. हसू की रडू कळेना. पहिल्यांदा हसू आलं.

“वेडी आहेस का तू?”

“हो,” ती म्हणाली. “घ्या आता पंप. झालं समाधान?”

“पंप घेणार. हवाही मीच भरणार,” मी म्हटलं. महिनाभर घोकलेली वाक्यं कुठल्या कुठं पळाली होती. बोलता बोलता शब्द येत गेले. “मला त्या सायकलचं एक काम हवंय, सुमेधा. एक तरी. नुसता मागं बसणारा म्हणून मला तुझ्याशी… तुझ्या… नको वाटतं मला ते. पण म्हणून तू यायचं थांबवू नकोस. म्हणजे येऊ नकोस.”

“अरे, नक्की काय? येऊ की नको?”

“दर रविवारी पहाटे उठून यायचं, ते नको. तू घरातच असलीस तर? म्हणजे आमच्या घरात. रोज. मी उठून हवा भरीन, तू झोप आणखी थोडी. आई तुझा चहा झाकून ठेवेल. तुला पुण्याच्या माणसाला काय कळवायचं ते कळव, पण त्याआधी मी विचारलं एवढं तरी तुला माहीत असू दे. माझ्याशी लग्न करशील का?”

झालं. बोलून गेलो.

आणि ती गप्प.

डोळस माणसाला याची कल्पना यायची नाही. समोरचा गप्प झाला की तुम्हाला त्याचा चेहरा तरी उरतो. मला काहीच उरत नाही. तो माणूस खोलीत आहे की उठून गेला, हेही कळत नाही. पंखा कुरकुरत होता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी वाट पाहिली. मग आणखी वाट पाहिली. हातातल्या पंपाची मूठ घामानं निसटायला लागली. एवढा वेळ कुणी होकाराला लावत नाही, मी स्वतःला सांगितलं. नकार कसा द्यावा म्हणून ती शब्द शोधतेय. बिचारी. जनावरं वाचत नाहीत तेव्हा बोलते तसं काहीतरी आता बोलेल.

“राहू दे,” मी म्हटलं. “मी समजलो. तू मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी नाक्यावर भेटू.”

फक्त श्वास घेतल्याचा एक आवाज आला, फुटलेला.

दारात कपबशा वाजल्या. बोरस्ते तिथं केव्हाचे उभे होते कोण जाणे.

“अहो साहेब,” ते म्हणाले, “काय समजलात? ताई केव्हाच्या मान हलवतायत!”

दोन वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तीच शिकवायची, की आमच्याशी बोलायचं, खुणा करायच्या नाहीत, हात दाखवायचा नाही, मान हलवायची नाही. आणि त्या एका क्षणी मला दिसत नाही हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं. मी तिच्यासाठी चारचौघांसारखा एक माणूस झालो होतो, ज्यानं विचारलं होतं आणि जो तिच्या तोंडाकडं बघत होता.

“होकाराची?” मी बोरस्त्यांना विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

पंप माझ्या हातातून कुणीतरी काढून घेतला. मग माझा तळवा तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि गालावर नेऊन ठेवला. गाल सगळा भिजला होता, आणि हनुवटी माझ्या अंगठ्याला लागत होती, खाली-वर, खाली-वर, अजूनही.